चिंचेतली मूठ

१

चिंच साठवण्यात काय मोठंसं, असं नवीला वाटायचं. फोडली, चिंचोके काढले, मीठ लावलं, डब्यात कोंबली, झालं. सासूबाईंच्या घरी आल्यावर पहिल्या हंगामातच तिचा हा गैरसमज दूर झाला.

इथे चिंच आधी तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात पडायची. मग टरफलं काढायची, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे आणि प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून पाहायचा. एक चिंचोका राहिला तरी किडा तिथूनच निघतो, असं सासूबाईंचं म्हणणं. खडे मीठ तव्यावर भाजून कोरडं करायचं. मग गुडघ्याएवढ्या चिनी मातीच्या बरणीत एक थर चिंचेचा, एक थर मिठाचा, आणि प्रत्येक थर मुठीने दाबायचा. तोंडाला दुहेरी फडकं, वर दोरीचे तीन वेढे. एवढ्यावरही सुटका नव्हती. पुढचे एकवीस दिवस रोज दुपारी बरणी उघडायची, वर थोडं मीठ पसरायचं, मुठीने दाबायचं आणि पुन्हा बांधायची. आत हवेला जागा राहिली की किड्याला जागा मिळाली.

"आणि हात कोरडे हवेत," सासूबाई म्हणाल्या. "घामाचा एक थेंब पडला तर वर्षाची चिंच गेली म्हणून समज."

म्हणून बरणी उघडण्याआधी नवीला गरम तव्यावर हात धरून उभं राहावं लागे. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून बघायच्या. नवीने हात मागे घेतला की म्हणायच्या, "अजून. एवढ्यात काय झालं तुला?" आवाज मात्र इतका गोड, की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, सासू सुनेला आग्रहाने वाढते आहे.

नवी म्हणजे कंपाउंडरची दुसरी बायको. लग्नाला चार महिने झाले होते, पण घरात अजून कुणी तिला नावाने हाक मारली नव्हती. 'नवीला सांग', 'नवीने केलं असेल', असंच चालायचं. तिचंही हे दुसरंच लग्न. पहिला नवरा तापाने गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, आता सहाची झाली होती. ठकू तिचं लाडाचं नाव. ठकू सध्या मामाकडे होती. मामा चांगला होता, पण घर मामीचं होतं.

लग्नाच्या बोलण्यात सासूबाईंनी मुलीला आणू नका असं म्हटलं नव्हतं. आणा असंही म्हटलं नव्हतं. दोघी चिंच फोडायला बसल्या त्या दिवशी त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं.

"बरणी तू भर आणि एकवीस दिवस तूच सांभाळ. बाविसाव्या दिवशी मी तळापर्यंत बघेन. एक किडा दिसला नाही तर आण तुझी मुलगी. दिसला, तर विषय संपला. पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही."

नवीने मान डोलावली. मुलीचं राहणं न राहणं चिंचेवर ठरतंय, याचा तिला राग यायला हवा होता. पण तिला आनंदच झाला. निदान काहीतरी ठरलं होतं.

२

पहिले पाच दिवस ती बरणीला जिवापाड जपत होती. कोठीची खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. एकच खिडकी, तीही जाळीची. दुपारी कंपाउंडर दवाखान्यात, सासूबाई आडव्या झालेल्या, आणि घरात फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. नवी दोरी सोडायची, फडकं उचलायची, मीठ पसरायची आणि मूठ दाबायची. चिंचेत चार बोटांच्या पेरांचे चार खळगे उमटत. एक फेरी पूर्ण झाली की सगळा वरचा थर तिच्याच मुठीने भरून जाई. ते बघून तिला बरं वाटायचं. या घरात तिची म्हणता येईल अशी तेवढीच खूण होती.

सहाव्या दिवशी एक खूण जास्त होती.

बरणीच्या कडेला, तिच्या खुणांच्या मधोमध, चार खळगे. पण लहान. तिने शेजारी आपली मूठ ठेवून बघितली. तिच्या दोन पेरांत ते चारही मावत होते.

आधी तिला सासूबाईंचा संशय आला. म्हातारी मुद्दाम पाणी लावून जात असेल, चिंच नासवायला! पण सासूबाईंची बोटं संधिवाताने सुजलेली होती, त्यांची मूठ अर्धीसुद्धा वळत नसे. कंपाउंडरचा पंजा तर बरणीच्या तोंडातून जेमतेम आत जायचा.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, कोठीत कुणी गेलं होतं का?"

"तुझ्या बरणीजवळ? आईच्या तावडीत सापडायला मी काय वेडा आहे?" तो हसला आणि भाताला हात घातला.

मग तिने स्वतःची समजूत घातली. चिंच वाळताना आकसते. आपलाच खळगा आकसला असेल. तिने त्या खुणेवर मीठ टाकलं, दाबलं, आणि तिथे आपली मूठ उमटवली. दुसऱ्या दिवशी छोटी मूठ पुन्हा तिथेच होती.

३

समोरच्या दारात एक शिंपीण दिवसभर मशीन घेऊन बसायची. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, सगळं तिला ठाऊक. नवी ब्लाउज उसवायला घेऊन गेली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काकू, यांची आधीची बायको दिसायला कशी होती हो?"

शिंपिणीने मशीन थांबवली.

"बुटकी होती. हात तर एवढे एवढेसे. बांगड्या लहान मुलींच्या मापाच्या घ्यायची बिचारी."

"आणि गेली कशाने?"

"गेली म्हणजे मेली नाही गं! भावाकडे गेली म्हणतात. दोन वर्षं लागोपाठ तिच्या चिंचेत किडे झाले. तुझ्या सासूने घर डोक्यावर घेतलं होतं. मग एक दिवस बाई दिसेनाशीच झाली."

"भाऊ न्यायला आला असेल."

"असेलही. मी मात्र रोज इथे बसते, बाई. मला काही ती जाताना दिसली नाही." शिंपिणीने सुईत दोरा ओवला. "तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस? तू जागेवर आहेस ना? मग झालं तर."

नवी घरी आली ती वेगळ्याच विचारात. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच. पण भीतीच्या खालून रागही वर यायला लागला. एक बाई जागा सोडून गेली, कशी का गेली असेना. आता तिला परत कशाला यायचंय? आणि नेमकं माझ्याच बरणीत? तिच्या किड्यांपायी तिचं घर गेलं. आता ती माझी मुलगी घालवणार होती.

त्या संध्याकाळी मामाचा फोन आला, आणि ठकू बोलली.

"आई, मला कधी नेणार?"

"अजून बारा दिवस."

"मला वीसपर्यंत येतात."

"मग बाराला काय भितेस? मोजत राहा."

"मामी म्हणते, तू न्यायला येणारच नाहीस."

नवीने ओठ दाताखाली धरला. "मामीला काय कळतंय? मी येईन म्हटलं ना!"

फोन मामीने काढून घेतला असावा, कारण पलीकडे नुसती भांडी वाजत राहिली.

४

बाराव्या दिवशी खळगे नव्हते. उंचवटे होते.

नवी बराच वेळ बरणीत बघत उभी राहिली. वरून दाबलं की खळगा पडतो, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको. इथे चार पेरं चिंचेतून वर आली होती, आखडलेली, मिठाने पांढरी झालेली. म्हणजे दाब खालून आला होता.

चिंच आंबली असेल, तिने स्वतःला सांगितलं. आत वारा धरला असेल, फुगा आला असेल. चार फुगे, ओळीत, शेवटचा जरा लहान. तिने बुद्धीला जेवढं ताणता येईल तेवढं ताणलं. मग मूठ ठेवून सगळं सपाट केलं. दाबताना मीठ करकरलं, आणि तिने हात काढून घेतल्यानंतरही थोडा वेळ करकरत राहिलं.

आणखी एक गोष्ट होती. कोठीत गुळाच्या डब्याभोवती मुंग्यांची रांग असायची. ती रांग बरणीला मोठा वळसा घालून जायची. खिडकीतली माशी बरणीवर बसत नव्हती. किड्यांच्या बाबतीत म्हणायचं, तर इतकी सुरक्षित चिंच या घरात कधीच नव्हती.

शेवटी न राहवून ती सासूबाईंकडे गेली. त्या पलंगावर बसून पायाला तेल चोळत होत्या.

"माई, बरणीत काहीतरी हलतंय."

सासूबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "किडा आहे?"

"नाही. किडा नाहीये. पण..."

"पण काय? चिंचेत हलतं ते सगळं किडाच. त्याला दुसरं नाव द्यायचं नाही. मीठ घालायचं आणि दाबायचं."

"आणि नाही थांबलं तर?"

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. आधीची कदाचित याच पलंगासमोर उभी राहून हेच विचारून गेली असेल, असं नवीला वाटलं.

"तुझ्यात जोर नसेल तर सांग. आत्ताच बरणी उपडी करते आणि तुझ्या भावाला कळवते, मुलीला तिकडेच ठेव म्हणून. मला काय, चिंच विकतही मिळते."

"जोर आहे," नवी म्हणाली.

"मग जा."

५

विसावा दिवस. रोज जास्त मीठ घालून मिठाचा डबा रिकामा झाला होता, म्हणून तिने ताजं मीठ भाजायला घेतलं. खडे तव्यावर तडतडत होते. हात आधीच शेकून लाल झाले होते. घरात दोघीच. सासूबाईंच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. मागच्या गल्लीत कुणीतरी पाइपाने गाडी धूत होतं.

तिने दोरी सोडली. फडकं मधोमध वर उचललं गेलं होतं.

चिंचेतून मूठ वर आली होती. उंचवटे नव्हते, खूण नव्हती. मूठच, मनगटापर्यंत. चिंचेने काळपट तपकिरी झालेली, बोटांच्या चिरांत मीठ. ती हलत नव्हती. नवीला वाटलं, आपण ओरडणार. पण तोंडातून आवाजच निघाला नाही, आणि ते बरंच झालं असंही तिच्या मनात आलं. सासूबाई जाग्या झाल्या असत्या. बरणी उपडी झाली असती. दोन दिवसांवर आलेलं सगळं गेलं असतं.

तिने आपली मूठ त्या मुठीवर ठेवली आणि दाबली.

ती थंड नव्हती. हीच गोष्ट नवीला नंतर कधी विसरता आली नाही. ती उबदार होती, आणि घामेजलेली. दाबताच ती उघडली. छोटी छोटी बोटं चाचपडत वर आली, तिच्या तळहातावरून फिरली आणि तिचा अंगठा सापडताच त्याला घट्ट धरून राहिली.

नवी क्षणभर हललीच नाही. ती पकड तिला ओळखीची वाटली. कुठली, कुणाची, हे आठवायला एक श्वास पुरला असता. पण ओळखीची वाटली म्हणूनच तिचं डोकं फिरलं. असं गोड धरून ही बाई मला फसवायला बघते आहे! हिला वर यायचंय, माझ्या जागी बसायचंय, आणि माझ्या पोरीला आयुष्यभर मामीची उष्टी काढायला लावायचीय.

"सोड," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुझं घर गेलं, त्याला मी काय करू? सोड मला!"

बोटं आणखी घट्ट झाली.

तिने डाव्या हाताने तवा उचलला आणि सगळं मीठ बरणीत ओतलं. तापलेलं, तडतडणारं मीठ. बरणीत काहीतरी जोरात थरारलं, पण अंगठा सुटला नाही. तिच्या स्वतःच्या हातालाही चटके बसत होते, पण तिला त्याचं भान नव्हतं. तिने दुसरी मूठ वर ठेवली, गुडघे टेकले आणि सगळं अंग त्यावर टाकलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा आत काहीतरी मोडलं, वाळलेल्या चिंचेचं टरफल फुटतं तेवढ्याच आवाजात. मग आणखी एकदा.

अंगठा सुटला. ती दाबतच राहिली. थर खाली गेला, सपाट झाला, गप्प झाला. तिने फडकं बांधलं, दोरीचे तीनऐवजी पाच वेढे घेतले आणि मोरीत जाऊन हात धुतले. आरशात बघितलं तर ती हसत होती. त्या रात्री ती चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. कंपाउंडरने विचारलंसुद्धा, "आज काय विशेष?"

"काही नाही. काम संपत आलं," ती म्हणाली.

६

बाविसाव्या दिवशी सासूबाईंनी कोठीत जमिनीवर मोठं कापड पसरलं आणि बरणी आडवी केली. सुजलेल्या बोटांनी त्यांनी थर न् थर उचलला, मोडला, उजेडात धरला. नवी दाराला टेकून उभी होती. पहिला थर निघाला, दुसरा निघाला, आणि चिंचेशिवाय काही निघालं नाही. ना बोट, ना नख, ना बांगडीचा तुकडा. शेवटी सासूबाईंनी तळाचं मीठ हातावर घेऊन फुंकलं.

"अळी नाही, जाळी नाही," त्या म्हणाल्या. "अंडंसुद्धा नाही."

त्यांनी चिंचेचा एक तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "हात बसला तुझा. आधीचीला हे कधी जमलं नाही. तिला दया यायची."

नवीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती फोनकडे धावली. पलीकडे भाऊ अडखळत बोलत होता, पण तिने त्याला बोलूच दिलं नाही. "दादा, उद्याच घेऊन ये. उद्याच!" एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली आणि फोन ठेवला.

७

भाऊ सकाळी अकराला आला. ठकू त्याच्यामागून उंबरा ओलांडून आत आली. केस नीट विंचरलेले, फ्रॉक धुतलेला, आणि उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पट्टीत गुंडाळलेला.

"हे काय?" नवी ओरडली. "दादा, हे काय आहे?"

"तेच तुला काल सांगत होतो," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे होते. "तीन दिवसांपूर्वी दुपारी ही झोपली होती. एकदम किंचाळत उठली. बघतो तर हात भाजलेला आणि दोन बोटं मोडलेली."

"वहिनीने केलं ना? खरं सांग!"

"तुझी वहिनी माहेरी आहे गं, आठवडा झाला. घरात मी एकटा होतो, तिच्याच खोलीत. चूलसुद्धा पेटलेली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ती झोपलेली होती."

कंपाउंडर दवाखान्यात जायला निघाला होता. त्याने पिशवी खाली ठेवली, ठकूला खुर्चीवर बसवलं आणि सराईत हाताने पट्टी सोडली. आतला कापूस त्याने जपून ओढला. मग नाकाजवळ नेला.

"भाजलेल्या जागेवर मीठ कुणी लावलं?" तो रागाने म्हणाला. "आणि नखांत हे काय अडकलंय?"

चिमट्याने त्याने नखाखालून एक तपकिरी शीर ओढून काढली. ती चिंचेची होती हे खोलीतल्या सगळ्यांना दिसलं. त्याने बोटं उलटसुलट करून पाहिली. "हे पडून झालेलं नाही," तो म्हणाला. "वरून कुणीतरी दाबलंय. खूप जोरात, आणि एकदा नाही."

नवी जमिनीवर बसली. ठकू रडत नव्हती. ती खुर्चीतून आईकडे बघत होती, काही विचारायचं राहून गेलं असावं तशी.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी तुझा अंगठा धरला होता ना?"

नवीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. ठकूने दुसरा हात पटकन पाठीमागे लपवला.